फोन दाखवला, पण सांगितलं नाही

पुण्यात शिवाजीनगरला कुटुंब न्यायालयाच्या आसपास झेरॉक्सची जी दुकानं आहेत, त्यांतल्या एकात मी तीन दुपारी बसून होते. दुकानदारांनी स्टूल दिलं, चहा पाजला आणि एकच अट घातली. दुकानाचं नाव नको आणि गिऱ्हाइकाची ओळखही नको. ती अट या सगळ्याच लेखाला लावली आहे. इथे भेटणाऱ्या कुणाचंच नाव मी देणार नाही.

पूर्वी या दुकानात लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखला यांच्या प्रती निघायच्या. त्या आजही निघतात. पण आता सगळ्यात जास्त कागद लागतो तो व्हॉट्सअॅपच्या चॅटला. भिंतीवर ठसठशीत अक्षरांत दुकानाचा नंबर लिहिलाय. गिऱ्हाईक त्या नंबरावर स्क्रीनशॉट टाकतं आणि मशीन पानामागून पान काढत राहतं. ज्या गप्पांवरून घर फुटलं, त्या कोर्टात जाण्याआधी एका अनोळखी माणसाच्या फोनमधून जातात.

"रात्री शटर ओढायच्या आधी सगळं डिलीट करतो ताई, देवाशपथ," दुकानदार म्हणाले. "माझ्या बायकोलासुद्धा हा फोन बघू देत नाही. लोकांचे संसार आहेत त्यात."

दुसऱ्या दुपारी तिशीतला एक तरुण चौऱ्याऐंशी पानं काढायला आला. वकिलांनी रंगीत प्रिंट सांगितली होती, कारण निळ्या टिका दिसायला हव्यात. पानाला दहा रुपये, म्हणजे 840 रुपये. त्याला विचारून मी पानं चाळली. "निघालास?" "हो." "येताना कढीपत्ता." "बरं." "बाळाचे डायपर संपलेत." "आणतो." अशी पानंच्या पानं. शेवटची तेवीस पानं वेगळी होती. ते बायकोच्या फोनच्या पडद्याचे रात्री गुपचूप काढलेले फोटो होते. पडद्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलेलं, एका फोटोत त्याचाच अंगठा आलेला. त्यातल्या एका ओळीवर पिवळा हायलायटर फिरवला होता. ऑफिसातल्या कुणाला तरी तिनं लिहिलं होतं, "आज बोलता नाही येणार, घरी आहे."

या ओळीत सगळं असू शकतं आणि काहीच नसूही शकतं. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' 1916 सालचं. रेवतीच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते आणि बायकोच्या हातात परपुरुषाची तसबीर बघून फाल्गुनरावांच्या डोक्यात संशय शिरतो. एक सुटी तसबीर, तिच्या मागचं-पुढचं कुणाला ठाऊक नाही, आणि त्यावर अख्खं नाटक उभं राहतं. नाटकात शेवटी सगळे एका ठिकाणी येतात, बोलतात आणि गाठ सुटते. या तरुणाची बायको त्याच्याशी चौदा महिने बोललेली नव्हती.

"विश्वास नव्हता का एकमेकांवर?" मी विचारलं.

"विश्वास पानिपतातच गेला मॅडम," तो म्हणाला. ही म्हण आपण हसत हसत म्हणतो. तो हसला नाही. पाकिटातून 840 रुपये मोजून दिले आणि गठ्ठा फाइलीत घातला.

नवरा-बायकोंनी एकमेकांचे फोन उघडे ठेवावेत का, हा प्रश्न हल्ली घरोघरी आहे. लग्न ठरवतानाच मुलं-मुली एकमेकांना हे विचारतात. 'आमच्यात ट्रान्सपरन्सी आहे, पासवर्ड माहीत आहेत,' हे काही जोडपी अभिमानानं सांगतात, आणि 'मी त्याच्या फोनला हात लावत नाही' हेही दुसरी तितक्याच अभिमानानं. चार-पाच महिने मी यावर लोकांशी बोलत होते. सुरुवातीला मला वाटत होतं, लपवण्यासारखं काही नसेल तर दाखवायला काय हरकत आहे. आता तसं वाटत नाही. मत बदललं ते ठाण्याच्या एका घरात.

बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका. नवरा भिवंडीच्या एका गोदामात हिशेबाचं काम बघतो. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात नवऱ्याची कॉलेजातली मैत्रीण भेटली, नंबर दिले-घेतले गेले, आणि आठवड्याभरात तिचा "कसा आहेस?" असा मेसेज आला. तो बाईंनी वाचला आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. भांडण झालं. नवरा म्हणाला, "तुझा विश्वास नाही ना? मग रोज रात्री फोन तुझ्या हातात देतो. पासवर्ड बदलणार नाही, काही डिलीट करणार नाही." आणि त्यानं शब्द पाळला. आठ महिने, जेवणं झाली की फोन बाईंच्या हातात. त्या व्हॉट्सअॅप बघायच्या, कॉलची यादी, गॅलरी, इन्स्टाग्राम. कुठेच काही नाही. त्यांना शांत झोप लागायची.

त्या आठ महिन्यांत नवरा मोबाइलवर पैसे लावून रमी खेळत होता. पगार संपला तसा एका कर्जाच्या अॅपवरून वीस हजार घेतले, ते फेडायला दुसऱ्यावरून चाळीस. नववा महिना लागला तेव्हा आकडा साडेसात लाखांवर गेला होता. कर्जाचे मेसेज साध्या एसएमएसमध्ये येत होते, बँकेच्या आणि जाहिरातींच्या मेसेजांमध्ये मिसळलेले. ते बाईंनी कधी उघडलेच नाहीत. शेवटी वसुलीवाल्याचा फोन थेट त्यांच्या मुख्याध्यापिकांना गेला, कारण अॅपनं फोनमधली सगळ्या नंबरांची यादी उचललेली होती. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2022 मध्येच कर्जाच्या अॅपना ही यादी घेण्याची मनाई केली होती. पण चोरवाटेनं चालणाऱ्या अॅपना कसली मनाई?

"मी बाई शोधत होते," त्या मला म्हणाल्या. आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, त्या वाल सोलत होत्या. "तो रात्री दोनच पोळ्या खायला लागला होता, ते मला दिसत होतं. मध्येच उठून गॅलरीत जाऊन उभा राहायचा. पण फोन साफ होता ना. मग म्हटलं अॅसिडिटी असेल."

नवऱ्यालाही मी भेटले, वेगळं, स्टेशनजवळच्या हॉटेलात. त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. "फोन द्यायचो ना, त्यामुळे मला बरं वाटायचं. आपण प्रामाणिक आहोत असं वाटायचं. ती बघून परत द्यायची, हसायची. मग सांगायची हिंमत आणखी कमी व्हायची. एकदा जरी तिनं विचारलं असतं, 'काय झालंय तुला?' तर मी फुटलो असतो. पण ती फोनला विचारत होती."

मराठीत 'दाखवणं' आणि 'सांगणं' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, आणि या विषयाचा जीव त्या फरकात आहे. दाखवणाऱ्याला बोलावं लागत नाही. फोन पुढे केला की त्याची जबाबदारी संपते. शोधायचं काम समोरच्याचं, आणि सापडलं नाही तर दोषही समोरच्याचा. सांगायला मात्र तोंड उघडावं लागतं, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं आणि उत्तरादाखल येणारा दुसरा प्रश्न झेलावा लागतो. ठाण्याच्या घरात आठ महिने फोन दाखवला जात होता आणि कुणी कुणाला काही सांगत नव्हतं.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. या घराला त्याचा उपयोग नव्हता. बाईंचं गंठण मोडून अर्धं कर्ज तोपर्यंत फिटलं होतं.

मी स्वतः सांगलीच्या एका मोठ्या घरात वाढले. आजोबा घरात येणारं प्रत्येक पत्र फोडायचे. आमच्या धाकट्या काकूंना माहेरून निळं आंतरदेशीय पत्र यायचं. तेही आजोबा कडेनं नीट कापत आणि माजघरात मोठ्यानं वाचून दाखवत. काकू दाराआड उभ्या राहून आपल्या आईचा मजकूर सासऱ्यांच्या आवाजात ऐकायच्या. माहेरून आणलेल्या ट्रंकेला कुलूप होतं, पण किल्ली आजीच्या जुडग्यात. पुढे फोन आला तेव्हा त्याच्या डायलच्या भोकात एक छोटं कुलूप अडकवलेलं असायचं, आणि आतल्या खोलीतल्या जोडफोनवर कुणी ना कुणी कान लावून बसलेलं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आपल्याकडे घरातल्या सुनेच्या गोष्टी घराच्या मालकीच्या होत्या.

म्हणून 'नवरा-बायकोत काय लपवायचं?' हे वाक्य मला निरागस वाटत नाही. काकूंच्या पिढीतल्या कितीतरी बायकांच्या आयुष्यात जिची किल्ली फक्त आपल्याच हातात आहे अशी पहिली वस्तू आली, ती मोबाइल. तीही सगळ्यांना मिळालेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या बायकांना विचारतात की स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का. 2015-16 मध्ये देशातल्या सुमारे 46 टक्के बायका हो म्हणाल्या, 2019-21 मध्ये 54 टक्के. उरलेल्या जणी नवऱ्याच्या, दिराच्या, मुलाच्या फोनवर बोलतात, त्यांच्या देखत. तिथे 'दोघांनी एकमेकांचे फोन बघावेत' या नियमाचा अर्थ प्रत्यक्षात एकच उरतो. तिचा फोन बघितला जातो. त्याच्या फोनमध्ये ऑफिसचं असतं, धंद्याचं असतं, ते तिला कळणार नसतं.

पुरुषांची बाजू नाही असं नाही. कोल्हापूरच्या एका औषध प्रतिनिधीला बायकोसाठी दिवसभर लाइव्ह लोकेशन चालू ठेवावं लागतं. इचलकरंजीतल्या दवाखान्यात वीस मिनिटं जास्त लागली तर व्हिडिओ कॉल येतो आणि त्याला डॉक्टरांची वेटिंग रूम फिरवून दाखवावी लागते. तो हे सांगताना इतका खजील झाला होता की मला पुढे विचारवेना. पाळतीचा जाच पुरुषालाही तितकाच होतो. वाट्याला कमी येतो, इतकंच.

आणि तरी लोकेशन पाठवणं हे काही वाईट नाही. 'पोचल्यावर मिस्ड कॉल दे,' हे आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो. पनवेलहून रात्रीच्या एसटीनं निघालेल्या मुलीनं, गोव्याला ट्रक घेऊन गेलेल्या नवऱ्यानं दिलेली ती एक रिंग, पैसे न लागणारी. लाइव्ह लोकेशन तिचीच नात आहे. जोवर जाणारा आपण होऊन पाठवतो, तोवर ती काळजी आहे. मागून घेतली की हजेरी होते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्यात मला एक आशा सेविका भेटली. अठराशे वस्तीचं गाव आणि दोन वाड्या तिच्याकडे. तिचा फोन रात्री-अपरात्री वाजतो, बहुतेक वेळा पलीकडे पुरुष असतो, कारण बाळंतिणीचा नवराच फोन करतो. "आशाताई, कळा सुरू झाल्या." यावरून तिच्या नवऱ्यानं दोन वर्षं धुसफुस केली आणि मग सरळ सांगितलं की रोज संध्याकाळी फोन माझ्यापुढे ठेवायचा.

तिनं नकार दिला. त्यापायी मार खाल्ला, दहा दिवस माहेरी राहिली, आणि तरी नकारच दिला. कारण विचारलं तर तिनं मला फोन उघडून दाखवला नाही, तोंडी सांगितलं. "ह्यात कुणाला दिवस गेलेत आणि घरी माहीत नाही, ते आहे. कुणी पोट पाडून घेतलंय, ते आहे. एकीची टीबीची गोळी चालू आहे आणि सासूपासून लपवलीय. ह्यांचा चुलतभाऊ त्याच घरातला. आता मी माझा फोन ह्यांना दाखवू म्हणजे कुणाचा दाखवू?"

शिवाजीनगरचे झेरॉक्सवाले हेच म्हणाले होते, लोकांचे संसार आहेत त्यात. फोनमध्ये आपण एकटे कधीच नसतो. बहिणीनं रात्री दोन वाजता रडत पाठवलेला आवाज असतो, मैत्रिणीच्या गाठीचा रिपोर्ट असतो, हाताखालच्या माणसानं मागितलेली उसनवारी असते. नवऱ्याला पासवर्ड दिला की ही सगळी माणसं त्याच्यासमोर उघडी पडतात आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. वाकडमधल्या एका संगणक अभियंता मुलीनं सांगितलं की तिचा आणि नवऱ्याचा पासवर्ड लग्नापासून एकच आहे, भांडण कधी झालं नाही. पण तिच्या बहिणीनं तिला मनातलं लिहिणं बंद केलं. "तिनं मला तसं सांगितलं नाही. आता फक्त गुड मॉर्निंग पाठवते."

आता कायद्याकडे वळते, कारण त्या झेरॉक्सच्या दुकानात तीन दिवसांत चार जणांनी मला ऐकवलं की 'आता सुप्रीम कोर्टानंच परवानगी दिलीय.' हा समज पसरतोय आणि तो चुकीचा आहे.

14 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा यांनी भटिंडाच्या कुटुंब न्यायालयातून आलेल्या एका घटस्फोटाच्या प्रकरणात निकाल दिला. नवऱ्यानं बायकोच्या नकळत तिच्याशी झालेलं फोनवरचं बोलणं टिपून ठेवलं होतं आणि क्रौर्य सिद्ध करायला ते पुढे केलं होतं. 2021 मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं ते नाकारलं होतं, त्यात तिच्या खासगीपणाचा भंग आहे म्हणून. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. 1872 च्या पुरावा कायद्यातलं कलम 122 नवरा-बायकोमधलं बोलणं उघड करण्यापासून संरक्षण देतं, पण त्याच कलमात दोघांमधल्या दाव्याला अपवाद आहे, तेव्हा असं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून बघता येईल, असं ठरलं. आता 1872 चा कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला आहे आणि असा इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. 'त्रेसष्टचं सर्टिफिकेट' हा शब्द झेरॉक्सच्या दुकानात कढीपत्त्याइतका सहज येतो.

हा निकाल मला योग्य वाटतो. चार भिंतींच्या आत जिला शिव्या घातल्या जातात, धमक्या दिल्या जातात, तिच्याकडे दुसरा साक्षीदार कुठून येणार? तिच्या हातातलं रेकॉर्डिंग हाच तिचा साक्षीदार. पण त्याच निकालात न्यायालयानं हेही नोंदवलं आहे की नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवायला लागले असतील, तर ते नातं मोडल्याचंच लक्षण आहे. पुरावा चालेल, एवढंच न्यायालय म्हणालं. पाळत ठेवा, असं कुठेही म्हणालेलं नाही. त्याच सुमारास छत्तीसगड उच्च न्यायालयानं एका नवऱ्याची मागणी फेटाळली. त्याला बायकोच्या कॉलचा तपशील पोलिसांकडून हवा होता. न्यायमूर्ती राकेश मोहन पांडे यांनी म्हटलं की लग्न झालं म्हणून नवऱ्याला बायकोच्या खासगी माहितीवर आपोआप हक्क मिळत नाही, आणि पासवर्डसाठी जबरदस्ती करणं हा खासगीपणाचा भंग आहे, तो घरगुती हिंसाचारही ठरू शकतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजीच एकमतानं सांगितलेलं आहे. तो हक्क सप्तपदी झाली म्हणून संपत नाही.

फौजदारी कायदाही लोकांना माहीत नसतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 प्रमाणे बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा तशा इतर वापरावर पुरुषानं पाळत ठेवणं हा गुन्हा आहे, आणि त्यात नवऱ्यासाठी वेगळी सूट लिहिलेली नाही. लबाडीनं दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 सी खाली गुन्हा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तो नवऱ्याला जितका लागू, तितकाच बायकोला.

पुण्यात वीस वर्षं विवाह समुपदेशन करणाऱ्या एका बाईंकडे मी दोनदा गेले. त्यांच्याकडे आलेल्या जोडप्याला त्या एक काम आधी करायला लावतात. व्हॉट्सअॅपमधलं 'लिंक्ड डिव्हाइसेस' हे पान दोघांनी आपापलं उघडायचं. कितीतरी वेळा तिथे एक अनोळखी संगणक जोडलेला निघतो. जोडीदार अंघोळीला गेला असताना फोन उचलून जोडलेला, आणि महिनोन्‌महिने प्रत्येक मेसेज दुसरीकडे वाचला जाणारा. "त्या क्षणी खोलीत जी शांतता होते ना," त्या म्हणाल्या, "ती मला सवय होऊनही सोसत नाही." काहींच्या फोनमध्ये याहून वाईट सापडतं, दुसऱ्याच्या फोनमध्ये लपून बसणारी पाळतीची अॅप, ज्यांचं चिन्हही पडद्यावर दिसत नाही. कॅस्परस्की या संगणक सुरक्षा कंपनीला 2023 मध्ये जगभरातल्या आपल्या 31 हजारांहून जास्त ग्राहकांच्या फोनवर अशी अॅप आढळली. त्या यादीत भारत पहिल्या तीन देशांत होता.

मी त्यांना माझ्या मनातला सगळ्यात अवघड प्रश्न विचारला. जिथे खरंच फसवणूक झाली आहे, बाहेर संबंध होते, उघडकीला आले, आणि तरी दोघांना संसार टिकवायचा आहे, तिथे काय? तिथेही खासगीपणा म्हणायचं?

"नाही," त्या म्हणाल्या. "तिथे मी दाखवायला सांगते. पण ज्यानं विश्वास मोडला त्यानं आपण होऊन दाखवायचं, दुसऱ्यानं मागायच्या आधी. आणि मुदत घालायची. तीन महिने, फार तर सहा. हात मोडला की प्लास्टर घालतो ना, तसं. जन्मभर प्लास्टर ठेवलं तर हात सुकतो." त्या तीन महिन्यांत रोज अर्धा तास दोघांनी बोलायचं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. दाखवणं एकीकडे, सांगणं एकीकडे, एकाऐवजी दुसरं चालत नाही, हे त्या लिहून देतात.

हे ऐकताना मला आनंदीबाई जोशी आठवल्या. एप्रिल 1883 मध्ये डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला जाण्यासाठी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, नवऱ्याशिवाय, वय अठरा. नवरा गोपाळराव पोस्टखात्यात कारकून. आठवडेच्या आठवडे लागून पोचणारी पत्रं एवढाच दोघांमधला दुवा. ती परदेशात जाऊन बदलेल, बिघडेल, या भयानं गोपाळरावांनी तिला फार बोचरी पत्रं लिहिली. त्यांना काहीही तपासता येण्यासारखं नव्हतं. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारी सोसेना म्हणून आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली, तेव्हा तो बदल त्यांनी लपवला नाही, कारणासकट कळवला. मार्च 1886 मध्ये त्यांना पदवी मिळाली तेव्हा गोपाळराव त्या सभागृहात होते. त्या संसारात गोपाळरावांचा जाच फार होता आणि मी तो सुशोभित करणार नाही. पण तिच्या बाजूनं जे होतं ते सगळं 'सांगणं' होतं, आणि समुद्रापलीकडून तेच टिकलं.

तरी एका गोष्टीसाठी नवरा-बायकोंना एकमेकांच्या फोनचं कुलूप उघडता आलंच पाहिजे, आणि ही बाजू संशयाच्या गोंगाटात कुणी बोलत नाही.

नाशिकरोडला एक बाई आहेत. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजनची खाट मिळेपर्यंत चार दिवस गेले आणि सहाव्या दिवशी ते गेले. दवाखान्यानं पिशवीत घालून त्यांच्या वस्तू परत दिल्या. घड्याळ, चष्मा आणि फोन. फोन बोटाच्या ठशानं उघडणारा. आकड्यांचा पिन बाईंना माहीत नव्हता. चोवीस वर्षांच्या संसारात कधी गरजच पडली नव्हती, एकमेकांवर पूर्ण विश्वास होता.

गावोगावच्या मिस्त्रींची उधारी त्या फोनमध्ये होती. विम्याचे कागद, मालाचे हिशेब, कुणाला किती दिले, कुणाकडून किती यायचे, सगळं. दोन मोबाइलवाल्यांनी सांगितलं, रिसेट केला तर उघडेल, पण आतलं सगळं पुसलं जाईल. बाईंनी रिसेट करू दिला नाही. येणी बुडाली. काही मिस्त्रींनी आपण होऊन आणून दिली, त्यांची नावं त्यांनी मला देवाच्या नावासारखी सांगितली.

फोन मी बघितला. टेम्पर्ड ग्लासला कोपऱ्यात तडा गेलाय, मागच्या कव्हरमध्ये मुलीच्या दहावीच्या फोटोची पासपोर्ट साइझ प्रत. कुलुपाच्या पडद्यावर त्या दोघांचा वणीच्या गडावरचा फोटो आहे. बाई तो रोज रात्री चार्जिंगला लावतात. "बंद पडला तर तेवढाही दिसायचा नाही," त्या म्हणाल्या.

दिवाळीतला पाडवा हा नवरा-बायकोचा सण. औक्षण झालं, ओवाळणी पडली की दोघांनी दहा मिनिटं बसा. बँकेची खाती, विमा, कर्ज, घेणी-देणी आणि फोनचा पिन, दोघांचंही, दोन कागदांवर आपल्या हातानं लिहा. पाकिटात घाला, चिकटवा, वर तारीख घाला आणि कपाटात जिथे दागिन्यांचा डबा असतो तिथे ठेवा. ते पाकीट कधी फोडायचं हे दोघांना माहीत असू द्या. आणि लिहिताना एखादा आकडा असा आला की जो समोरच्याला ठाऊक नाही, तर पेन खाली ठेवून तो तेव्हाच तोंडानं सांगा.

ठाण्याच्या त्या घरात आता महिन्याच्या पहिल्या रविवारी नवरा बँकेचा हिशेब मोठ्यानं वाचून दाखवतो. कर्ज अजून दोन लाख दहा हजार बाकी आहे.